मेणाचा क्रॉस

फ्रान्समध्ये ब्रिटनी प्रांतातल्या एका बेटावरचं दीपगृह पाहून आई आणि मी दफनभूमीत आलो.

“समुद्रात गेलेला सापडला नाही, की त्याच्या नावानं मेणाचा क्रॉस करायचे आणि प्रेत समजून इथे ठेवायचे,” म्हातारी गाइड सांगत होती. मी आईला मराठीत सांगितलं.

बाबांची बोट बुडाल्यावर काकांनी किती विनवलं, दर्भाचा पुतळा करून अग्नी देऊ. आई म्हणायची, “आणि हे परत आले तर?”

तेच तिनं आता मला गाइडला विचारायला लावलं.

“माझे आजोबा क्रॉस ठेवल्यावरही परत आले होते की!” गाइड हसली. “आजीनं आधी शिव्या घातल्या, मग सूप वाढलं.”

आईनं क्रॉस ठेवायच्या जागेला हात जोडले.

“भाऊजींना फोन लाव. पुतळा करू म्हणावं.”

फाटकाशी आल्यावर म्हणाली, “आणि आलेच, तर मीही आधी शिव्याच घालीन.”