बरणीवरची चिठ्ठी

पोरगी दिवसभरात जे जे तोंडात टाकते ते सगळं घेऊन या, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. आईनं खरंच सगळं आणलं. टेबलावर एकामागोमाग एक सात बरण्या मांडल्या, पुसून लख्ख केलेल्या, प्रत्येकीवर पांढरी चिठ्ठी आणि चिठ्ठीवर सुवाच्य अक्षर. पाकीट घरात आलं की कात्रीनं कापायचं, माल बरणीत ओतायचा आणि वर आपल्या हातानं नाव लिहून चिकटवायचं, ही तिची शिस्तच होती. फळीवर रंगीबेरंगी पाकिटांचा पसारा तिला खपत नसे.

सहा वर्षांची ठकी शेजारच्या खुर्चीत पाय हलवत बसली होती. महिना झाला, जुलाब थांबत नव्हते. फ्रॉक खांद्यावरून घसरायला लागला होता. रक्त तपासून झालं, शी तपासून झाली, काही म्हणजे काही सापडलं नाही. आता उद्या सकाळी भूल देऊन आतड्यात नळी घालून बघायचं ठरलं होतं. त्या नळीची आईनं धास्तीच घेतली होती. नळीतून काय दिसेल ही भीती तर त्याहून मोठी, आणि ती तिनं नवऱ्यालाही बोलून दाखवली नव्हती.

डॉक्टरीणबाई एकेक बरणी उचलून बघत होत्या. बिस्किटं, शेंगदाणे, सुके अंजीर. आईनं न विचारताच सांगून टाकलं, की आमच्या घरात साखर औषधालाही सापडायची नाही. ती दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. दिवसभर पोरांच्या किडक्या दाढा बघायच्या आणि त्यांच्या आयांना ऐकवायचं, बाई गं, काय खायला घालतेस ते जरा वाचत जा. ती काय आपल्या पोरीच्या बाबतीत हयगय करणार!

सातव्या बरणीपाशी डॉक्टरीणबाईंचा हात थांबला. आत लाल, पिवळ्या, हिरव्या चोखायच्या गोळ्या होत्या. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'ठकीचा खाऊ. साखर नाही.'

"या दिवसाला किती खाते?"

आईनं आठवायला सुरुवात केली. डब्यात तीन, शाळेतून आल्यावर दोन, जेवण संपवलं की बक्षीस म्हणून दोन. आणि आजारी पडल्यापासून, बिचारीच्या तोंडाला चव नाही म्हणून, वर आणखी चार-पाच. मोजल्या अशा कधीच नव्हत्या. साखरच नाही तर मोजायच्या कशाला, असं ती म्हणाली, पण म्हणता म्हणता तिचा आवाज बारीक झाला.

"ही चिठ्ठी कोणी लिहिली?"

"मी."

"आणि कंपनीनं काय लिहिलंय?"

ते काही आईला सांगता येईना. पण त्या घरात एक माणूस असा होता, की ज्याच्या हातून कागदाचा कपटाही टाकला जात नसे. तिनं सासऱ्यांना फोन लावला. सासरे सुतार, काम सोडून दहा वर्षं झाली तरी खिळे अजून मापाप्रमाणे लावून ठेवत. पाकीट आहे की, ते म्हणाले, चांगलं जाड प्लास्टिक आहे, एकेक जपून ठेवलंय. त्यात बारीक खिळे भरलेत. थांब, ओततो. फोनमधून खडखडाट ऐकू आला. मग चष्मा शोधणं झालं, आणि चष्म्यानं भागेना म्हणून भिंग शोधणं झालं.

ते अगदी वरपासून वाचायला लागले. नाव वाचलं, वजन वाचलं, थंड आणि कोरड्या जागी ठेवा हेही वाचलं. मधलंच वाचा म्हणायची सोय नव्हती. लाकूड असो की मजकूर, या टोकाला हात घातला की त्या टोकालाच सोडायचा. आई ओठ दाताखाली धरून ऐकत राहिली.

"इथं मागे काळी चौकट आहे," ते म्हणाले. "हिला भिंग नको. गोडीसाठी सॉर्बिटॉल वापरलं आहे. जास्त खाल्ल्यास जुलाब होऊ शकतात. लहान मुलांना देऊ नये."

मग त्यांनी तेच पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचलं.

काखेत कळसा नि गावाला वळसा! किती पाकिटं तिनं कापली असतील, आणि एकही उलटून बघितलं नव्हतं. 'साखर नाही' हे पुढचे दोन शब्द तेवढे वाचले आणि तेच बरणीवर उतरवले.

डॉक्टरीणबाईंनी उद्याच्या तारखेवर काट मारली. गोळ्या आजपासून बंद, आठ दिवस वाट बघू, तेवढ्यात थांबलं तर नळीची गरजच नाही. आणि थांबेल असंच मला वाटतं, असं त्या म्हणाल्या. आईला शरम वाटली, अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण छातीवरची धोंड अशी काही उतरली होती, की शरमेलाही तिथं फार वेळ टिकता येईना. ती आधी हसली आणि मग पदरानं डोळे पुसत बसली.

"उद्या नळी नाही?" ठकीनं विचारलं.

"नाही गं राणी."

"मग गोळी?"

"गोळीपण नाही."

ठकीनं थोडा विचार केला आणि चालेल म्हणाली.

फोन अजून चालूच होता. सासरे खाकरले. "म्हणजे आता पाकिटं यायची बंद?"

"बंद, बाबा."

"मग मी बारीक खिळे कशात ठेवू?"

"बरणी देते तुम्हाला," ती म्हणाली. तिनं गोळ्या टेबलाखालच्या कचऱ्याच्या डब्यात ओतल्या, रिकामी बरणी मांडीवर घेतली आणि तिथंच बसून नखानं चिठ्ठी खरवडायला लागली. चिठ्ठी फार पक्की बसली होती.