कोरी जागा

मॉरिशसला जाऊन उसाची शेती करणाऱ्या रवळूची, म्हणजे आजेसासऱ्यांच्या भावाची, पत्रं दुर्गाबाई दरसाल अंगणात उन्हात घालायची, मग कसर लागू नये म्हणून तंबाखूच्या पानांत बांधून ठेवायची. यंदा त्यांत मरणाचं पत्र निघालं : ‘रवळू यांस देवाज्ञा झाली.’

“असलं पत्र वाचून लगीच फाडायचं असतंय. घरात ठेवत न्हाईत,” सासू ओसरीवरून म्हणाली.

दुर्गाबाईनं ते फाडून चुलीत घातलं. परत येते तर ते अंगणात, पत्रांवर ठेवलेल्या दगडाखाली अख्खं. तिनं पुन्हा फाडलं. पुन्हा तेच. दर खेपेला बाकीची अक्षरं गडद होत गेली, नाव तेवढं फिकट.

आता नावाची जागा कोरी होती. ‘देवाज्ञा झाली’ची शाई बोटाला ओली लागली. फाडायला हात धजेना, ठेवायलाही.

“फाड की गं,” सासू म्हणाली. “कुणाची वाट बघाय लागलीस?”