लोंबता सज्जा

सातवी बाटली ठेवली आणि पुठ्ठ्याचा वरचा सज्जा खालच्या सज्ज्यासकट टेबलावर आदळला. पाण्याच्या बाटल्या घरंगळत पहिल्या रांगेतल्या पालकांच्या पायांशी गेल्या. मुलांना काय, पडलं की आनंदच. त्यांनी टाळ्या पिटल्या. विज्ञानाच्या बाई मात्र परीक्षकांच्या खुर्चीकडे बघत होत्या.

खुर्चीत एक निवृत्त इंजिनियर बसले होते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. सव्वीस वर्षं बाईंना हाच चेहरा बघायचा होता.

सव्वीस वर्षांपूर्वी एका नव्याकोऱ्या सभागृहात असेच दोन सज्जे छताला टांगले होते, एकाखाली एक. पंधराव्या दिवशी ते पडले आणि नऊ माणसं गेली. नकाशा या साहेबांचा होता, लोखंडाचं काम बाईंच्या वडिलांचं. चौकशी झाली आणि सगळं खापर फिटरच्या डोक्यावर फुटलं. साहेब बढत्या घेत वर गेले. वडील घरी बसले ते उठलेच नाहीत. "मी मनाचं काही केलं नाही गं, साहेबांनी हो म्हटलं होतं," एवढंच ते शेवटपर्यंत सांगत राहिले. ऐकायला घरात फक्त सातवीतली मुलगी होती. ती पुढे पदार्थविज्ञान शिकली ते काही आवड म्हणून नाही.

यंदा साहेबांची नात बाईंच्या वर्गात आली. बाईंना देवच पावला. त्यांनी 'करून शिका' स्पर्धा काढली, विषय दिला लोंबता सज्जा, आणि परीक्षक म्हणून साहेबांना गोड पत्र लिहिलं. दोन गट केले. पहिल्या गटाला छतापासून खालच्या सज्ज्यापर्यंत एकच अखंड गज. गज म्हणजे स्क्रूसारखे आटे पाडलेली हातभर लांब सळई. दुसऱ्या गटाला तोच गज दोन तुकड्यांत, त्या सभागृहात होता तसा. नात दुसऱ्या गटात होती. ती तिथे कशी गेली हे बाई कुणाला सांगणार नव्हत्या.

"आता कारण सांग," बाई नातीला म्हणाल्या.

नातीने पाठ केलेलं धडाधड म्हटलं. "गज अखंड असता तर वरच्या नटावर फक्त वरच्या सज्ज्याचं वजन आलं असतं. गज तोडल्यामुळे खालचा सज्जा वरच्याला लटकला. म्हणून वरच्या नटावर दोघांचं वजन आलं आणि नट पुठ्ठ्यातून आरपार निघाला. ही चूक कारागिराची नाही, नकाशा काढणाऱ्याची आहे." मग ती हळूच म्हणाली, "आजोबा, बरोबर ना?"

आजोबांनी मान खाली घातली. बाईंना आत कुठेतरी गार गार वाटलं. वाईट वाटायला हवं होतं, पण नाही वाटलं.

"साहेब, सभागृहातले सज्जे आठवतात?" बाईंनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं. "तिथला फिटर माझा बाप होता. त्यांनी तुमचंच ऐकलं आणि जन्मभर तोंड लपवलं. आता नीट बघा. तुम्ही एक गज ठेवला असता तर काय झालं असतं ते ही मुलं दाखवतील."

पालकांत कुजबुज सुरू झाली. पहिला गट पुढे आला. दोन्ही सज्ज्यांना रंगीत कागदाचे कठडे लावले होते, काम देखणं होतं. हा सज्जा बारा बाटल्या पेलणार होता. बाईंनी स्वतः हिशेब केला होता.

पाच. सहा. सातवी ठेवली आणि हाही कोसळला.

बाई धावल्या. त्यांनी कागदी कठडा टराटरा फाडला. आत गज दोन तुकड्यांत होता, शेजारी शेजारी भोकं पाडून बसवलेला. काल दुपारी बाई पलीकडच्या खोलीत नातीकडून कारण घोकून घेत होत्या, तेव्हा या टेबलाकडे फिरकल्याच नव्हत्या.

"कुणी सांगितलं तोडायला?" त्या ओरडल्या. "कुणी शिकवलं तुम्हाला?"

गटातली सगळ्यात बुटकी मुलगी पुढे आली. तिला सगळे चिमणी म्हणत. तिने दोन्ही हातांची बोटं समोर धरली. टोकं लाल होऊन सोलवटली होती.

"कुणीच नाही, बाई. अख्ख्या गजावर वरच्या सज्ज्याचा नट खालच्या टोकापासून वरपर्यंत फिरवत न्यायचा म्हणजे जीव जातो. बोटं सोलली सगळ्यांची. मग आम्ही करवतीने गज तोडला, तर दोन मिनिटांत झालं." तिचा आवाज रडवेला झाला. "दिसायला तर सेमच होतं ना, बाई."

साहेब काठी टेकत उठले. चिमणीजवळ आले आणि तिची बोटं हातात घेऊन बघत राहिले. मग बाईंकडे वळले.

"चौकशीत मी तोंड उघडलं नाही, हे पाप माझंच आहे, बाई," ते म्हणाले. "पण गज मी तोडायला सांगितला नव्हता. तुमचे वडील त्यांच्या हाताखालच्या पोरांची बोटं दाखवायला माझ्याकडे आले होते. अशीच सोललेली. ती बघून मी हो म्हणालो."