घरी परतणाऱ्यांची पुस्तकं

"शेवटी तो घरी येतो की नाही, एवढंच सांगा."

ग्रंथपालबाईंनी कपाळाला हात लावला. वाचनालयात मोठ्याने बोललेलं त्या खपवून घेत, पानाचा कोपरा दुमडलेलाही एकवेळ चालायचा. पण शेवट विचारणारा आणि शेवट सांगणारा, दोघंही त्यांच्या डोक्यात जात.

"काका, शेवट आधीच कळला तर वाचण्यात काय राम राहिला?"

"राम राहू दे बाजूला. माणूस घरी आला पाहिजे," कॅप्टन म्हणाले.

कॅप्टन हे नाव बाईंनीच ठेवलेलं. त्याआधी काका म्हणजे चौकातलं कपडे शिवायचं दुकान, एवढंच सगळ्यांना ठाऊक. बाईंचा शाळेचा गणवेशही त्यांनीच शिवला होता. दुमड भरपूर ठेवून ते आईला सांगत, "पोर वाढत्या अंगाची आहे, पुढच्या वर्षी उसवून घ्या." मशीनची ती खडखड आणि नव्या कापडाचा तो वास बाईंना अजून आवडायचा. आता दुकान बंद होतं.

काका तरुणपणी लढाईवर होते, हे कळलं ते काकूंकडून. काकूंची आठवण विरत चालली, तेव्हा काका त्यांना हाताला धरून वाचनालयात घेऊन आले होते. काकूंनी टेबलावर वाकून बाईंना कौतुकाने सांगितलं, "हे आघाडीवर होते बरं का. सगळे म्हणायचे, आता कसले येतात! पण आले." काका नुसते खाली बघत राहिले. एवढं सोसलेला माणूस, आणि जन्मात कधी मिरवलं नाही! बाईंना भरून आलं.

पुढे काकू त्यांनाही ओळखेनाशा झाल्या. घरात हा परका माणूस कोण, म्हणून घाबरायच्या, भरल्या ताटावरून उठायच्या. फक्त लढाईच्या गोष्टी निघाल्या की चेहरा उजळायचा. मग त्या काकांचा हात धरत, त्यांच्या हातून जेवत.

"ती विचारते, खंदकात झोपायचात कसे, पाणी कुठून आणायचात," काका म्हणाले होते. "मला काही सांगता येत नाही. पुस्तकात बघून सांगतो."

इतक्या वर्षांत विसरलेच असतील बिचारे, असं बाईंना वाटलं. मग त्या कपाटं उपसून पुस्तकं काढू लागल्या. एका लष्करी डॉक्टरच्या आठवणी. खेचरं हाकणाऱ्या शिपायाच्या आठवणी. वेढा पडलेल्या शहराची जाडजूड कादंबरी. काकांना आठवणी बऱ्या वाटत. त्यात लिहिणारा स्वतःच बोलतो, त्यामुळे जसंच्या तसं वाचता येतं. कादंबरी असली की वाचता वाचता शिपायाच्या जागी स्वतःला घालावं लागे, आणि त्यात त्यांची त्रेधा उडायची.

एकदा ते पुस्तक परत देताना कुरकुरले, "लेखकाने कोटाची कॉलर साफ चुकवली आहे. असल्या कॉलरने मान सोलून निघेल."

सैनिकाची नजर, दुसरं काय! बाई मनात म्हणाल्या.

आज मात्र त्या हट्टाला पेटल्या. एका पुलाच्या लढाईवरची कादंबरी त्यांनी काकांच्या हातात ठेवली. त्यांची स्वतःची अतिशय लाडकी. "शेवट विचारू नका. माझ्यावर सोडा, डोळे झाकून न्या."

काकांनी डोळे झाकून नेली.

पुढच्या आठवड्यात ते आले नाहीत. त्यानंतरही नाहीत. एका दुपारी पुस्तकं लावता लावता बाईंना त्या कादंबरीचं शेवटचं प्रकरण आठवलं आणि हातातली पुस्तकं त्यांनी तशीच खाली ठेवली. त्यांनी कपाटातून एक पातळसं पुस्तक ओढलं आणि वाचनालयाला कुलूप लावून निघाल्या.

काकांनी दार उघडलं. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले.

"वाचत गेलो, वाचत गेलो, आणि पुलावर मेलोच की!" ते हळूच म्हणाले. "तेव्हापासून ती मला घरातून जा म्हणते. जेमतेम पाणी पिते."

"चूक माझी, काका." बाईंनी ते पातळसं पुस्तक पुढे केलं. "हे घ्या. लष्करातल्या एका स्वयंपाक्याच्या आठवणी आहेत. तो घरी येतो. पहाटे येतो, बायको दारातच उभी असते, आणि आधी हात धुवा म्हणून त्याला ओरडते. शेवट हाच आहे."

जन्मात पहिल्यांदा त्यांनी शेवट सांगितला.

काकू खिडकीपाशी पाठ करून बसल्या होत्या. काका लांब, दाराशी बसून वाचू लागले. धुराने डोळे चुरचुरायचे ते, कच्च्या भाकऱ्यांवरून खाल्लेल्या शिव्या, परतीची गाडी. काकूंची मान जरा वळली. मग खुर्ची वळली. पहाटेचं दार आलं तेव्हा काकू उठून जवळ आल्या आणि त्यांनी काकांचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"आलात?"

"आलो."

काकांनी घाईने ताट वाढून आणलं. काकूंनी पहिला घास घेतला, दुसरा घेतला. बाईंनी पदराने डोळे टिपले.

"खिडक्यांना काळे कागद लावलेले असायचे तेव्हा," काकू बाईंना सांगू लागल्या. "तरी मी रोज स्टेशनवर जायची, यांची गाडी बघायला. बाबांनी आशाच सोडली होती." त्या काकांकडे वळल्या आणि लाजून हसल्या. "बरं झालं तुम्ही परत आलात. नाहीतर मला त्या चौकातल्या शिंप्याच्या गळ्यात बांधलं असतं त्यांनी."

काकांनी पुढचा घास केला आणि त्यांच्या तोंडापाशी नेला.

"सुटलीस बघ," ते म्हणाले.