सातव्या भागात कोण बुडणार

चांगली विज्ञानकथा हवी तर ज्ञानेशचा ब्लॉग वाच, असं वाचणारे एकमेकांना सांगत. ब्लॉगच्या माथ्यावरच ठळक लिहिलं होतं, 'इथे अंधश्रद्धेला थारा नाही.' सध्या तो तारापूरच्या समुद्रात उतरलेल्या परग्रहवासीयांची कथा लिहीत होता. तिच्यातल्या खलाशाला त्याने दारावर मासळी विकणाऱ्या देवकीच्या मुलाचं नाव दिलं होतं, निकेश. देवकीची लेक तिला प्रत्येक भाग वाचून दाखवायची.

आज देवकीने टोपली खाली ठेवलीच नाही. "भाऊ, निकेशची बोट कालच यायची होती. फोन पन लागत नाय. तुमच्या गोष्टीत म्होरं काय हाय, तेवढं सांगा."

पुढच्या, सातव्या भागात निकेश बुडणार होता. भाग लिहून तयार होता.

"अहो ताई, ती नुसती गोष्ट आहे."

"गोष्ट तर गोष्ट. त्याला घरी आना."

ती गेली आणि ज्ञानेश लॅपटॉपसमोर बसला. कथेत कुणीतरी बुडायला तर हवंच होतं. सुजित लिहिलं, तर धाकटा भाऊ डोळ्यांपुढे आला. प्रफुल्ल लिहिलं, तर शेजारी. शेवटी वैतागून त्याने स्वतःचंच नाव घातलं आणि भाग ब्लॉगवर टाकला.

संध्याकाळी देवकी हसतच सरंगा घेऊन आली. बोट सुखरूप किनाऱ्याला लागली होती.

"सुटलो बाई," बायको अर्चना चपला घालत म्हणाली. "चल, समुद्रावर फिरून येऊ."

ज्ञानेशने दाराला कडी घातली.

"आज नको. आधी आठव्या भागात मला स्वतःला पाण्याबाहेर काढू दे."