फळ्यांमागची बाटली

चर्चमधल्या प्रभुभोजनाचं ताट शेवटच्या बाकापाशी आलं आणि पॉलिशवाल्यानं ते नेहमीसारखं दोन बोटांनी परत सरकवलं. पावाचा तुकडा घेतला नाही. सव्वीस वर्षं तो घेतच नव्हता.

इतर वेळी ताट फिरवणारा सुतार खाली मान घालून ते मेजाकडे न्यायचा. आज तो जागचा हलला नाही. आज त्याची शेवटची पाळी होती. हात थरथरायला लागले म्हणून त्यानं वडीलपण सोडलं होतं. पुढच्या वेळी हे ताट दुसरं कुणीतरी फिरवणार. म्हणजे बोलायचं तर आत्ताच, नाहीतर कबरीत घेऊन जायचं.

आता वडील म्हणजे घरचे नव्हेत. प्रेस्बिटेरियन पंथाच्या ख्रिस्ती मंडळीत लोक मतं देऊन वडील निवडतात. पाळक उपदेश करतो, पण कारभार वडिलांच्या बैठकीत चालतो. वडील किमान दोन लागतात. दोन नसले तर वरच्या मंडळाकडून मान्यता मिळत नाही, मग तुम्ही कितीही गळा काढून गा.

ही मंडळी सुरू झाली ती सुताराच्या कारखान्यात. चौदा माणसं. लाकडी घोड्यांवर फळ्या टाकून बसायची. गाणं म्हणताना नाकात भुसा जायचा आणि अर्धी मंडळी शिंकायची. वडील व्हायला तिघं उभे राहिले. सुतार आला, शिंपी आला. तिसरा हा पॉलिशवाला, सुताराच्याच कारखान्यात कामाला. पूर्वीचा पक्का दारुडा, सहा महिने झाले होते सोडून. त्याला दोन मतं पडली. एक त्याच्या बायकोचं, दुसरं त्याचं स्वतःचं. लोक पोट धरून हसले. तोही हसला.

पुढच्याच रविवारी वरची माणसं पाहणीला आली. त्यांच्यातल्या म्हाताऱ्यानं मेजावरचं फडकं उचललं. खाली पेला, पावाची ताटली, आणि शेजारी दारूची अर्धी बाटली.

बाटली सुताराची होती. दिवसाला दोन घोट, कुणाला पत्ता नाही. शनिवारी त्यानं ती स्वतःच्या हातानं सागवानी फळ्यांमागे खुपसली होती. ती मेजावर कशी आली, हे त्याला कळेना.

कुणी कुणाला काही विचारलं नाही. सगळ्या माना पॉलिशवाल्याकडे वळल्या. एकदा नाव पडलं की पडलं. पॉलिशवाल्यानं तोंड उघडलं, सुताराकडे पाहिलं, आणि मिटलं. सुताराचं तर उघडलंच नाही. त्यानं मनाशी हिशेब मांडला, मी कबूल झालो तर वडील उरला एक, आणि मंडळी उभी राहायच्या आधीच बसली. मंडळीसाठी गप्प बसलो, असं त्यानं स्वतःला सांगितलं. मनाला काय, सांगाल ते ऐकून घेतं. पटत मात्र नाही.

वडिलांची पहिली बैठक भरली ती पॉलिशवाल्याला प्रभुभोजनापासून दूर ठेवायला. ठरावावर पहिली सही सुताराची. शिंप्यानं पॉलिशवाल्याला समजावलं, की बाबा, चूक कबूल कर आणि ये परत. तो एवढंच म्हणाला, "करीन तेव्हा करीन."

सुतारानं त्या दिवसापासून थेंबही तोंडाला लावला नाही. मंडळी मात्र फोफावली. चौदाची चाळीस झाली, कारखाना पुरेना. मग शाळेचा हॉल, मग स्वतःची इमारत. आता पाचशे माणसं आणि रविवारी दोन उपासना. नदीपलीकडे या मंडळीची लेक मंडळी निघाली, तिचीही लेकरं शिकून कामाला लागली. इथला बाक न् बाक सुतारानं केला आणि पॉलिशवाल्यानं चमकवला. प्रभुभोजनाचं मेज तर त्यानं असं घासलं, की वाकलात तर आपलं तोंड दिसावं. सुतार त्यात कधी वाकला नाही.

पाळक तीनदा बदलले. शिंपी गेला. तो ठराव कुणाच्या ध्यानातही राहिला नाही. पॉलिशवाल्यानं तुकडा उचलला असता तर कुणी हूं की चूं केलं नसतं. पण ताट आलं की त्याची दोन बोटं पुढे यायची. सुताराला वाटायचं, ती बोटं ताटाला नाही, आपल्या छातीला लागतात. हा मला विसरू देणार नाही. आणि का द्यावं?

पाचशे माणसं वाट पाहत होती. पुढून पाळकानं खाकरून पाहिलं. सुतार पॉलिशवाल्याकडे वाकला.

"दादा," तो म्हणाला. हळूच म्हणायला गेला, पण कारखान्यात जन्म गेलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही. चार बाकांनी माना वळवल्या. "ती बाटली माझी होती. मी लपवली, देवानं बाहेर काढली, आणि भोगलंत मात्र तुम्ही."

पॉलिशवाला वर बघेना. पॉलिशच्या चपड्यानं आणि स्पिरिटनं काळी पडलेली बोटं त्यानं मांडीवर एकमेकांत अडकवून घट्ट धरली होती.

"तुझी होती ते ठाऊक होतं मला," तो म्हणाला.

"मग बोलला का नाहीत? सव्वीस वर्षं माझ्यापायी उपाशी उठलात."

"तुझ्यापायी नाही." पॉलिशवाल्यानं आता वर पाहिलं. "देवाला कशाला मधे घेतोस, मिस्त्री? मला दोन मतं पडली होती. त्या रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन फळ्यांमागची बाटली मेजावर मीच ठेवली."