पांढऱ्या चौकोनाखाली

"नको म्हणजे नको," वाल्मिक म्हणाला आणि शटरला टेकवलेली शिडी उचलून बॅनर बांधायला निघून गेला. नव्या सॉफ्टवेअरचा विषय निघाला की त्याला नेमकं बाहेरचं काम आठवायचं.

चौक गावात हायवेलगत त्याचं आणि त्याच्या मुलीचं, सुप्रियाचं, डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बॅनर, दशक्रियेची कार्डं, सगळं तिथंच व्हायचं. सॉफ्टवेअर वीस वर्षांपूर्वीचं. गिऱ्हाईक मोबाइलवर टाइप केलेला मजकूर पाठवायचं, तो त्यात उतरायचा नाही, मग बापलेक तोच मजकूर पहिल्यापासून टाइप करत बसायचे. कर्जतच्या छापखान्याने तर जुन्या फाईली घेणंच बंद केलं होतं. असंच चाललं तर दुकान बसणार हे सुप्रियाला दिसत होतं आणि तिच्या बापालाही. तरी तो हटून बसला होता. नव्यात जुन्या फाईली मोडतात, एवढंच त्याचं पालुपद.

त्या दुपारी सुप्रियाने त्याला न विचारता पंधरा दिवस फुकट मिळणारं नवं सॉफ्टवेअर चढवलं. वावोशी गावच्या गिऱ्हाइकाची एक लग्नपत्रिका उघडून बघितली. फाँट शाबूत, फोटो शाबूत. फक्त एक गंमत झाली. वाल्मिक जुना मजकूर कधी खोडायचा नाही. खोडला की खालच्या ओळी हलतात, म्हणून तो वर पांढरा चौकोन ठेवायचा आणि चौकोनावर नवं टाइप करायचा. नव्या सॉफ्टवेअरला ते चौकोन कळलेच नाहीत. सगळे आरपार झाले आणि नवरानवरीच्या नावांमागून कुणाची तरी दशक्रिया डोकावायला लागली. सुप्रियाला हसू आवरेना. म्हणजे बाबांना याचीच धास्ती होती तर.

मग तिने आईची फाईल उघडली.

तिची आई, चिमा, नऊ वर्षांपूर्वी डोकं थाऱ्यावर नसताना घरातून निघून गेली होती. फेब्रुवारी संपत आला की बापलेक तिचं वय एकाने वाढवून 'बेपत्ता'ची पत्रकं छापायचे आणि नेरळपासून खोपोलीपर्यंत चिकटवायचे. पत्रकावरचा नंबर सुप्रियाचा. कुठून फोन आला की हातातलं काम टाकून ती धावत सुटायची. गेल्या वर्षी शेलूला गेली, ती बाई दुसरीच निघाली. आई सापडल्याशिवाय लग्न करणार नाही, असं तिने दोन स्थळांना कळवून टाकलं होतं.

वयाच्या जागी आठ-नऊ आकडे एकमेकांवर चढले होते. ते अपेक्षितच होतं. पण 'बेपत्ता' या मोठ्या अक्षरांमागेही काहीतरी होतं. तिने माऊसने ती अक्षरं बाजूला ओढली. खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. असेल कुणाची तरी, दुसऱ्याच्याच फाईलवर बाबांनी आईची केली असेल, असं मनाशी म्हणत तिने फोटोखालच्या ओळीही ओढल्या.

'कै. सौ. चिमा वाल्मिक ठोंबरे. निधन दि. ६ मार्च.' साल नऊ वर्षांपूर्वीचंच.

तिने ते तीनदा वाचलं, आणि तिसऱ्यांदाही तेच लिहिलेलं होतं.

वाल्मिक परत आला तेव्हा ती तशीच बसून होती. त्याने स्क्रीनकडे पाहिलं, शिडी भिंतीला लावली आणि तिथंच फरशीवर बसला.

"बाबा, आई गेली ते तुमाला ठाव व्हतं?"

"व्हतं."

मग त्याने खाली बघत सगळं सांगितलं. घर सोडल्यावर आठवड्याने ती ठाकुरवाडीजवळ रुळाकडेला सापडली होती. पोलिसांचा फोन आला. त्याने साडीवरून ओळखलं आणि तिकडेच एकट्याने सगळं उरकलं. भावकीत कुणाला कळवलं नाही. तिथून तो थेट दुकानात आला. बेपत्ताची फाईल तयारच होती. तिच्यावर चौकोन ठेवून, लोकांची करतो तशी श्रद्धांजली टाइप केली. पण ती छापायला हात होईना. मग तिच्यावरही चौकोन ठेवला आणि पुन्हा 'बेपत्ता' लिहिलं. पुढे दर वर्षी, या खेपेला सांगू म्हणत तो वय वाढवत राहिला.

सुप्रियाला एकदम भयंकर राग आला. नऊ वर्षं ती प्रत्येक अनोळखी नंबर उचलत होती. प्रत्येक वेळी काम टाकून धावत होती, आणि हा माणूस शेजारी बसून ते बघत होता.

"मंग मला का नाय सांगितलंत?"

वाल्मिकने स्क्रीनवरच्या तारखेकडे बोट दाखवलं.

"दुसऱ्या दिवशी तुझा दहावीचा पयला पेपर व्हता गं. म्हटलं, शेवटचा झाला का मंग सांगू."